हात एकदाच दुखला पाहिजे

निगेटिव्हवर पेन्सिल कशी चालवायची हे मला ज्या मास्तरांनी शिकवलं, ते मूळचे पेंटर. कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. बाबूराव पेंटरांच्या या गावात ब्रश आणि कॅमेरा एकाच घरात नांदत आले आहेत. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस स्टुडिओही काढायचा आणि देवादिकांच्या तसबिरीही करायचा. मास्तर बोलायला कमी. शिकवायचा नियम मात्र एकच, आणि तो दिवसातून अनेकदा ऐकायला मिळायचा: "पोरी, हात एकदाच दुखला पाहिजे."

म्हणजे काय, ते मला एका लग्नाच्या ऑर्डरीत कळलं. नवरानवरीच्या एकाच फोटोच्या डझनभर कॉप्या हव्या होत्या. मी प्रिंट समोर मांडून एकेकीवर ब्रश चालवायला बसले होते. मास्तरांनी प्रिंटचा गठ्ठा उचलला, निगेटिव्ह माझ्यापुढं ठेवली आणि निघून गेले. निगेटिव्हवर केलेलं काम पुढच्या प्रत्येक कॉपीत आपोआप उतरतं. प्रिंटवरचं काम त्या एका प्रिंटपुरतंच.

आता माझ्याकडं मुलं-मुली फोटोशॉप शिकायला येतात. त्यांना कीबोर्डवरच्या युक्त्यांची यादी हवी असते, काम झटपट व्हावं म्हणून. यादी मी देते, तिला वेळ लागत नाही. पण या धंद्यात वेळ वाचवायची धडपड कॉम्प्युटरच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी सुरू झाली. आज पडद्यावर दिसणाऱ्या बहुतेक सोयी तेव्हाच कुणीतरी काच, शाई आणि राळ घेऊन करून ठेवल्या होत्या.

मुळात चेहऱ्यावर हात फिरवायची, म्हणजे टचिंग करायची, वेळ का आली? लोकांना वाटतं, गिऱ्हाइकाची हौस. हौस होतीच, पण आधी दोष काचेचा होता; तेव्हा निगेटिव्ह काचेवर असायची. जुन्या काळच्या काचेवरचा मसाला निळा उजेड पटकन ओळखायचा, लाल रंग मात्र त्याला दिसतच नसे. त्यामुळं गालावरची लाली, मुरमाचा डाग, उन्हानं रापलेली कातडी हे सगळं फोटोत काळं उमटायचं. गोऱ्यापान बाईच्या तोंडावर काळे ठिपके! बर्लिनच्या हेर्मान फोगेलनं १८७३ साली मसाल्यात रंग मिसळून काचेला हिरव्या उजेडापर्यंत आणलं, तरी लाल बरीच वर्षं हट्टी राहिला. माणूस समोर दिसतो तसा फोटोत दिसावा, एवढ्यासाठीसुद्धा पेन्सिल घ्यावी लागत होती. म्युनिकचे फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच निगेटिव्हचे दोन प्रिंट लावले, एक टचिंगच्या आधीचा आणि एक नंतरचा. म्हणजे 'आधी-नंतर' दाखवून गिऱ्हाईक ओढायची जाहिरातही तेवढीच जुनी.

टचिंगचं टेबल हल्ली कुठं दिसत नाही, म्हणून थोडं सांगते. उतरत्या फळीत मधोमध दुधी काच बसवलेली असायची. खाली आरसा, तो खिडकीचा उजेड काचेवर फेकायचा. वर टोपीसारखं आच्छादन, डोळ्यांवर बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून. निगेटिव्ह गुळगुळीत, तिच्यावर पेन्सिल धरत नाही. म्हणून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ कापसाच्या बोळ्यानं मसाल्याच्या बाजूला गोल गोल पुसायची. ती जरा चिकट झाली की शिसं बसतं. शिसं इंचभर उघडं ठेवून पॉलिश पेपरवर सुईसारखं करून घ्यायचं. हात टेकवायचा, दाबायचा नाही. रेघ ओढायची नाही, नुसते टिंब, स्वल्पविराम, बारीक आठचा आकडा. निगेटिव्हवर सुरकुती म्हणजे पारदर्शक खाच. ती शिशानं भरली की तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर ती जागा उजळते. उलटं करायचं असेल, म्हणजे एखादी जागा काळी हवी असेल, तर बारीक चाकूनं मसाला खरवडायचा. शिसं पुसून पुन्हा बसवता येतं, चाकूचं काम मात्र कायमचं. म्हणून चाकू बरीच वर्षं मास्तरांच्याच हातात राहिला. युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत टचिंग आणि रंगकाम मोठ्या प्रमाणावर बायकांकडं असे. आमच्याकडं मी एकटीच होते, आणि गिऱ्हाइकांना वाटायचं मी मालकांची सून आहे.

शिशापेक्षाही मला आवडायचं ते लाल रंगाचं काम. न्यू कोक्सिन नावाची पूड पाण्यात कालवून अगदी फिका रंग करायचा आणि निगेटिव्हच्या पातळ भागावर ब्रशानं थरावर थर चढवायचे. समजा, मुंडाशाखालचा चेहरा सावलीत गेलाय. एन्लार्जरखाली प्रत्येक प्रिंटच्या वेळी तारेला काळ्या कागदाची चकती लावून चेहऱ्यावर हलवत बसायचं, हा एक मार्ग. चकतीची तार आम्ही मोडक्या छत्रीची वापरायचो. पण प्रत्येक प्रिंटला हात सारखाच हलेल याची खात्री काय? त्यापेक्षा निगेटिव्हवर चेहऱ्यापुरता लाल रंग दिला की तो स्वतःच उजेड अडवतो आणि सगळे प्रिंट एकसारखे येतात. मन बदललं तर रंग पाण्यानं धुऊन निघतो, खालची निगेटिव्ह जशीच्या तशी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढं पुन्हा येणार आहे.

निगेटिव्हवर एकदाच काम, हा वेळ वाचवायचा पहिला रस्ता. दुसरा कॅमेऱ्यातच होता. पॅरिसच्या दिस्देरीनं १८५४ साली एका पेटंटमध्ये एकाच काचेवर अनेक छोट्या तसबिरी घ्यायची पद्धत मांडली. चार भिंगांचा कॅमेरा आणि सरकणारी काच, एका काचेवर आठ फोटो. एकदा धुतलं, एकदा छापलं, कात्रीनं आठ तुकडे केले. फोटो एकदम स्वस्त झाले आणि ओळखीपाळखीत वाटायला व्हिजिटिंग कार्डाएवढ्या तसबिरींची लाट आली. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, म्हणजे आपली माणसंही फार मागं नव्हती. मला गंमत वाटते ती आठ या आकड्याची. आज कोणत्याही गावात पासपोर्ट फोटो मागा. चार बाय सहा इंचांच्या कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे दोन ओळींत चार-चार, आठच बसतात. दिस्देरीचं नाव ठाऊक नसलेला पोऱ्या त्याच कात्रीनं तेच तुकडे करत असतो.

तिसरा रस्ता तयार मालाचा. जुन्या काचेला निळं जास्त दिसायचं, म्हणून समुद्राचा किंवा डोंगराचा फोटो घेतला की जमीन उमटेपर्यंत आकाश पांढरंफेक होऊन जायचं. ग्युस्ताव ल ग्रे या फ्रेंच माणसानं १८५०च्या दशकात समुद्राचे जे फोटो केले, त्यांतल्या काहींत आकाशाची काच वेगळी आणि पाण्याची वेगळी आहे. क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जोडून छापलेली. पुढं फोटोवाले ढगांच्या निगेटिव्ह साठवूनच ठेवू लागले, लागतील तशा वापरायला. त्यामुळं वेगवेगळ्या गावांवर एकच ढग तरंगताना दिसू शकतो. रेलँडर नावाच्या गृहस्थांनी १८५७ साली तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलं मोठं चित्र केलं, त्याला सहा आठवडे लागले. व्हिक्टोरिया राणीनं त्याची प्रत घेतली म्हणून त्याचं नाव झालं. माझ्या लेखी मोठा माणूस तो, ज्यानं ढगांची पहिली पेटी भरून ठेवली. फोटोशॉपमध्ये आकाश बदलायची तयार सोय २०२० साली आली तेव्हा आमच्याकडची मुलं हरखून गेली. सोबत आलेली आकाशं सगळ्यांकडं तीच. महिन्याभरात गावातली निम्मी प्री-वेडिंगं एकाच संध्याकाळी झाल्यासारखी दिसायला लागली.

आमच्याकडं ढगांना मागणी कमी. आमचा तयार माल म्हणजे कोट आणि फेटे.

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दहाव्याच्या आत भिंतीवर फोटो लागायला हवा. पण शेतात जन्म काढलेल्या माणसाचा फोटो असतो कुठं? कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत, अर्धं तोंड पाहुण्याच्या खांद्याआड. नाहीतर बँकेच्या पासबुकावरचा शिक्का मारलेला. मुलगा तो घेऊन यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, आबांना कोट घाला. आणि फेटा." आयुष्यभर आबांच्या अंगाला कोट लागलेला नसायचा. मास्तर कधी वाद घालत नसत. मुंडकं कॉपी करून मोठं करायचं, शेजारच्या पाहुण्याचा हात खोडायचा, आणि गळ्याखाली काळा कोट रंगवायचा. एका कोटाला दुपार जायची. मग मास्तरांनी युक्ती काढली. स्टुडिओत टांगलेला गिऱ्हाइकांसाठीचा कोट आमच्याच एका माणसाला घालून त्याचे समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले आणि डोकी कापून वेगवेगळ्या मापांचे प्रिंट करून डब्यात ठेवले. फेट्यांचंही तसंच. आबांचं डोकं कापायचं, डब्यातल्या कोटावर डकवायचं, सांधा ब्रशानं मिटवायचा आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढून नवी निगेटिव्ह करायची. दुपारचं काम तासाभरावर आलं. आमच्या भागातल्या किती घरांत एकाच कोटातले पूर्वज भिंतीवर आहेत, हे मला ठाऊक आहे आणि मी कुणाला सांगत नाही.

आता कॉम्प्युटर. थॉमस नॉल हा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणारा मुलगा. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी छटा दिसाव्यात म्हणून १९८७ साली त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉन सिनेमातल्या करामती करणाऱ्या कंपनीत होता, त्यानं त्यात आणखी सोयी मागितल्या. आधी एका स्कॅनर कंपनीनं तो आपल्या यंत्राबरोबर दिला, मग अॅडोबीनं घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आलं, तेही फक्त मॅकिंटॉशसाठी. मला यातली महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. या भावांच्या वडिलांची घरी डार्करूम होती, पोरं तिथं प्रिंट करत वाढली. म्हणून तर उजळ करायच्या हत्याराचं चित्र काडीवरची चकती आहे आणि गडद करायच्या हत्याराचं चित्र उजेडाभोवती धरलेली मूठ. पहिल्यांदा ते पडद्यावर पाहिलं तेव्हा मला छत्रीची तार आठवली. अनशार्प मास्क हे नावही डार्करूमचंच. निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट पॉझिटिव्ह करायची आणि दोन्ही चिकटवून छापायची, म्हणजे कडा उठून दिसतात.

आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला नव्वदीच्या शेवटी. सीडी कुठून आली, हे तेव्हा कुणी कुणाला विचारत नसे. जुन्या आवृत्त्यांवर हात बसवलेल्या मित्रांकडून त्या दिवसांचे किस्से ऐकायला मिळायचे. १९९४ ला तिसरी आवृत्ती येईपर्यंत लेअर नव्हते. आबांचं डोकं कोटावर ठेवलं आणि निवड सोडली की ते चिकटलं. कोट दोन रेघा खाली हवा होता, तर पहिल्यापासून करा. मागं जायची सोय एकाच पायरीची. त्यामुळं शहाणी माणसं प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या नावानं फाईल साठवायची आणि हार्ड डिस्क भरून जायची. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत हिस्टरी आली, मागच्या वीस पायऱ्या आठवणारी. मोठी फाईल उघडायची म्हणजे चहा मागवायचा. तेव्हाची युक्ती अशी की आधी छोटी कॉपी करून तिच्यावर कर्व्ह जमवायची, ती कर्व्ह साठवायची आणि मग मोठ्या फाईलवर नुसती चढवायची. एकाच हॉलमधल्या, एकाच फ्लॅशच्या शंभर फोटोंना तीच कर्व्ह. हे मी आजही करते.

पण खरी उडी १९९६ च्या चौथ्या आवृत्तीची, असं माझं ठाम मत आहे. पुढं आलेल्या हिलिंग ब्रशचं कौतुक सगळे करतात, मला ते जरा जास्त वाटतं. चौथ्या आवृत्तीत दोन गोष्टी आल्या. एक, अॅडजस्टमेंट लेअर. फोटोला हात न लावता वर उजेडाचा वेगळा थर ठेवायचा, चेहऱ्यापुरता मास्क करायचा, नको झाला की थर काढून टाकायचा, खालचा फोटो जसाच्या तसा. म्हणजे माझा लाल रंग! पाण्यानं धुऊन निघणारा, तोच. ज्या मुलांनी न्यू कोक्सिन पाहिलं नव्हतं ती थेट फोटोवर ब्राइटनेस वाढवत बसायची आणि गिऱ्हाइकानं "जरा कमी करा" म्हटलं की सगळं नव्यानं करायची. मला तो थर कुणी समजावून सांगावा लागला नाही.

दुसरी गोष्ट अॅक्शन. आपण जे जे करतो ते रेकॉर्ड करून ठेवायचं आणि एका बटणावर पुन्हा चालवायचं. पासपोर्टची माझी पहिली अॅक्शन अशी होती: ठरलेल्या मापात कापलेला फोटो, त्याला बारीक काळी कडा, बाहेर कात्रीपुरती पांढरी जागा, त्याचा पॅटर्न करायचा, चार बाय सहाचा नवा कागद उघडायचा, पॅटर्ननं भरायचा. एफ पाच दाबलं की आठ फोटो तयार. जून महिन्यात शाळा-कॉलेजच्या फॉर्मांची रांग जिन्यापर्यंत यायची, तेव्हा त्या एका बटणानं स्टुडिओ तगवला. अख्ख्या फोल्डरवरही अॅक्शन चालवता यायची. रात्री लग्नाचे फोटो लावून घरी जायचं, सकाळी ते लहान करून, नाव घालून तयार.

बोटांच्या युक्त्या कुणी विचारतंच, म्हणून सांगून टाकते. उजवा हात माऊसवर, डावा कीबोर्डवरून उठायचा नाही. बी म्हणजे ब्रश, डी म्हणजे काळा-पांढरा रंग, एक्स म्हणजे त्यांची अदलाबदल. मास्कवर काम करताना या तिघांवर दिवस निघतो. चौकोनी कंसाच्या दोन बटणांनी ब्रश लहानमोठा. स्पेसबार दाबून फोटो सरकवायचा. कंट्रोल जे दाबून आधी लेअरची कॉपी घ्यायची आणि मगच काम सुरू करायचं. एवढं हातात बसलं की मेनू उघडावा लागत नाही. बाकीचं कुठल्याही पुस्तकात आहे.

२००२ साली सातव्या आवृत्तीत हिलिंग ब्रश आला. शेजारची चांगली कातडी उचलून मुरमावर फिरवा, मुरूम गायब, आजूबाजूच्या कातडीचा उजेड कायम. २०१० पासून अख्खा माणूस निवडून काढला तरी मागची भिंत आपोआप भरून येते. दहा मिनिटांचं काम दहा सेकंदांवर आलं, हे खरंच. पण ज्याला पेन्सिल लावायला मेहनत पडायची तो कुठं थांबायचं ते शिकायचा. ब्रश फुकट चालायला लागल्यावर थांबणं संपलं. चाळिशीच्या बायकांचे गाल प्लास्टिकच्या बाहुलीसारखे व्हायला लागले आणि त्याच फोटोला गिऱ्हाईक "मस्त आलाय" म्हणायला लागलं.

आणि वाचलेला वेळ? तो माझ्याकडं कधी राहिला नाही. आधी लग्नाचा अल्बम म्हणजे काळ्या पानांवर कोपरे लावून बसवलेले फोटो. फोटोशॉप आल्यावर करिझ्मा अल्बम आला, बारा बाय छत्तीसची पानं. पानावर नवरी तीनदा, मागं महाल, वर गुलाबाच्या पाकळ्या. हे सगळं करून देणाऱ्या तयार पीएसडी फायलींच्या डीव्हीडी बाजारात मिळायला लागल्या. आपले फोटो त्यांत टाकायचे आणि पान झालं. आमचं काम सोपं झालं, पण लगेच पानांची संख्या वाढली, दर उतरला आणि "उद्या द्या" सुरू झालं. शेजारच्या गल्लीतल्या मुलाकडं तीच डीव्हीडी होती. एकदाच हात दुखवून शंभरदा वापरायची युक्ती जोवर एकट्या मास्तरांच्या डब्यात होती तोवर ती कमाई होती. सगळ्यांच्या डब्यात गेली तेव्हा ती सवय झाली.

कोटांचा डबा आता माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे. काळे, करडे, बंद गळ्याचे, जाकिटं, कोल्हापुरी फेटे, गांधी टोप्या. सगळं कापून, पारदर्शक लेअरवर ठेवलेलं. कोट चढवायची अॅक्शनही केली आहे: चेहऱ्याची कॉपी, कोट आणणं, माप, सांध्याला मऊ मास्क, रंग जुळवणं. अॅक्शनच्या यादीत, ज्या पायरीला काही विचारता येतं तिच्या डावीकडं, बरोबरच्या खुणेशेजारी आणखी एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण केली की अॅक्शन तिथं थांबते आणि तुम्हाला विचारते, आकडा किती, जागा कुठं, आणि मगच पुढं जाते. कोट बसवायच्या पायरीवर माझी ती खूण कायम असते. कारण आबांच्या तोंडावर उजेड डावीकडून असला आणि कोटावर उजवीकडून, तर घाईतली मुलं कोट सरळ आरशासारखा उलटवतात. उजेड जुळतो, पण छातीवरचा खिसा उजवीकडं जातो आणि बटणं बायकांच्या झग्यासारखी लागतात. घरातलं कुणी ते बोलून दाखवत नाही, पण गावातला शिंपी पाहिल्याबरोबर हसतो. माझ्याकडं सध्या असलेला मुलगा हुशार आहे, हात भलता वेगवान आहे. गर्दी असली की तो ती खूण काढतो. दुकान बंद करताना मी ती परत लावते.